दुसरा भाग कुठे आहे?

सीमाभागात मराठी टिकवायची म्हटलं की आपण मोर्चे, ठराव, पाट्या आणि सरकारी कागदपत्रं यांबद्दल बोलतो. ते हक्काचे प्रश्न आहेत, सोडून देता येणार नाहीत. पण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या वाचनालयांनी आणि मराठी शाळांनी आणखी एक काम तितक्याच गांभीर्यानं हाती घ्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी अद्भुत साहसकथांच्या मालिका विकत घ्याव्यात आणि पहिल्या भागाइतक्याच प्रती दुसऱ्या भागाच्याही घ्याव्यात. डोकं चालवणारी नायिका असेल, तर ती मालिका सगळ्यात आधी घ्यावी.

दुसऱ्या भागावर एवढा भर देण्याचं कारण साधं आहे. पहिला भाग मुलाच्या हाती कुणीतरी दिलेला असतो. बक्षीस म्हणून मिळतो, बाई वाचायला सांगतात, मावशी पुण्याहून आणते. दुसरा भाग मात्र मूल आपणहून मागतं. पुस्तकाची मागणी करणारा वाचक तिथे पहिल्यांदा तयार होतो, आणि नेमकं त्याच वेळी आपल्या बहुतेक कपाटांत उत्तर असतं, ‘तो नाही, दुसरं काहीतरी घे.’ सातारा-सांगलीतल्या मुलालाही हे ऐकावं लागतं, पण आपल्याकडे त्याचा परिणाम वेगळा होतो. इथलं मूल घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि शाळेत या दोन्हींसोबत इंग्रजी वापरतं. मराठीत पुढचा भाग मिळाला नाही की ते थांबत नाही, दुसऱ्या भाषेकडे वळतं. इंग्रजीत वाचलं म्हणून बिघडत नाही आणि कन्नडमध्ये वाचलं तर चांगलंच आहे. दुःख याचं की मराठीनं शर्यतीत पाऊलही टाकलेलं नसतं.

भाषाशिक्षणाचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन यांनी एकाच लेखकाचं, एकाच विषयाचं सलग वाचन करण्याचा आग्रह धरला आहे. मालिकेला तो अगदी बसतो. पहिल्या शंभर पानांत मूल अडखळतं, कारण लेखकाची वाक्यरचना नवी असते, गावं-माणसं नवी असतात आणि शब्द अनोळखी असतात. दुसऱ्या भागापर्यंत हे सगळं अंगवळणी पडलेलं असतं. तेच शब्द पुन्हा भेटतात, आता ओळखीचे होऊन. ज्या मुलाला दिवसभरात मराठीचं छापील पान क्रमिक पुस्तकापलीकडे फारसं दिसत नाही, त्याच्यासाठी दोनशे पानांचा दुसरा भाग म्हणजे भाषेचा भरपूर सराव असतो. तो सराव कुणी घेतोय हे त्याला जाणवतही नाही.

मालिका मराठीला नवी नाही. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची पुस्तकं मुलांनी एकामागून एक शोधून वाचली. ना. धों. ताम्हनकरांनी गोट्याच्या जोडीला चिंगीही दिली. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून मुलांच्या हाती पडतं आहे. पण फेणेच्या पुस्तकांत प्रत्येक साहस स्वतंत्र आहे, कुठलंही आधी वाचा. पहिल्या भागातल्या निर्णयाची किंमत दुसऱ्यात मोजावी लागते, मित्र दुरावलेला असतो, शत्रू शहाणा झालेला असतो, अशी सलग अद्भुत कादंबरी, आणि तिच्या मध्यभागी मुलगी, ही गोष्ट मात्र मराठीत विरळच.

चतुर मुलगी आपल्याला परकी नाही. राजाच्या कोड्याची उकल करणारी सून, चोराला बोलण्यात गुंतवून गावकरी येईपर्यंत थोपवून धरणारी सासुरवाशीण, या गोष्टी मराठीत आहेत तशाच कन्नडमध्येही आहेत. आपल्या जिल्ह्यात तर कित्तूरची चन्नम्मा आहे. १८२४ मध्ये कंपनीच्या फौजेला तिनं कित्तूरच्या वेशीवर हरवलं. तिची गोष्ट मुलांना सांगायलाच हवी. पण चन्नम्माला मूल नमस्कार करतं, तिच्याशी पैज लावू शकत नाही. तिचं काय झालं हे इतिहासानं ठरवून टाकलेलं आहे. कल्पित नायिकेच्या बाबतीत पान उलटण्याआधी मुलाला म्हणता येतं, ‘मी असतो तर डावीकडे वळलो असतो.’ ही मुभा विचार करायला शिकवते, आणि ती अद्भुत कादंबरीतच सढळ हातानं मिळते.

आता हुशार नायिका कशी ओळखायची? पुस्तकाच्या मलपृष्ठावर ‘चुणचुणीत’ किंवा ‘धाडसी’ छापलेलं असतं, त्यावर विसंबू नये. फटकळ बोलणं म्हणजे हुशारी नव्हे. जादूची वस्तू तिच्यासाठी काम करते, किंवा म्हातारा गुरू आयत्या वेळी उत्तर सांगतो, तेव्हाही ती हुशार ठरत नाही. तिनं काय पाहिलं, त्यावरून काय ताडलं आणि कुठे चुकली, या तिन्ही गोष्टी वाचकाला दिसल्या पाहिजेत. पाहिलेली गोष्ट तर उत्तराच्या बरीच आधी वाचकासमोर यायला हवी. नाहीतर लेखकानं वाचकाला फसवलं असं होतं, आणि मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर पकडतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ, आपल्याच मुलखातलं. खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलात बारापेडेच्या गुहा आहेत. रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ म्हणून जी दुर्मीळ जात आहे, ती जगात फक्त इथेच सापडते असं कित्येक वर्षं मानलं जात होतं. पुढे ती मेघालयात आणि कंबोडियातही आढळली. (हे अभयारण्य आहे. गोष्ट वाचून मुलांना तिथे घेऊन जाऊ नये, वटवाघळांना त्रास होतो.) समजा अशाच एका कल्पित गुहेला दोन तोंडं आहेत. एक खाली ओढ्याजवळ आणि दुसरं वर कड्यावर. पहिला भाग वैशाखात घडतो. नायिका भर दुपारी गुहेत वाट चुकते. दिवा विझलेला असतो, पण गालाला वारा लागतो. तिला आठवतं की ओढ्याजवळच्या तोंडाशी उभं राहिलं की आतून गार झुळूक बाहेर येत होती. म्हणजे वारा पाठीवर घेऊन चालत राहिलं की आपण खालच्या तोंडाशी निघू. ती निघते. यामागचं शास्त्र खरं आहे. उन्हाळ्यात गुहेतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा गार, म्हणून जड असते. ती खालच्या तोंडातून बाहेर वाहते आणि वरच्या तोंडातून गरम हवा आत ओढली जाते.

दुसरा भाग पौषात, पहाटेच्या वेळी. तीच गुहा, तीच मुलगी, तोच नियम. वारा पाठीवर घेऊन ती चालत राहते आणि थेट कड्याच्या टोकाला पोहोचते, कारण थंडीत हा वारा उलटतो. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार असते, ती खालच्या तोंडातून आत शिरते आणि आतली उबदार हवा वरून निसटते. नायिका चुकली, पण मूर्खपणानं नाही. एका ऋतूत पडताळलेला नियम तिनं सगळ्या ऋतूंना लावला. आता लेखक कसबी असेल तर त्यानं तिसऱ्या-चौथ्या प्रकरणातच एक साधं वाक्य पेरून ठेवलेलं असतं. ओढ्याकाठी पेटवलेल्या शेकोटीचा धूर बाहेर न जाता गुहेत ओढला जात होता. ज्या मुलानं हे वाक्य नीट वाचलं, ते नायिका चालू लागताच ओरडणार, ‘अगं, उलटी फिर!’ त्या क्षणी वाचक नायिकेच्या एक पाऊल पुढे असतो, आणि हे सुख पहिल्या भागात मिळूच शकत नाही. त्यासाठी आधीचा नियम माहीत असावा लागतो. पुढे तर आणखी गंमत आहे. पौषातली दुपार पुरेशी तापली तर वारा पुन्हा फिरू शकतो. लेखकाला तिसऱ्या भागाची सोय तिथेच झाली.

वाचनालयासाठी पुस्तक निवडणाऱ्यानं हेच तपासावं. हातात दुसरा भाग घ्यावा, पहिला नव्हे. पहिली वीस पानं वाचावीत. मागची गोष्ट कशी सांगितली आहे ते तिथे कळतं. दोन पात्रं एकमेकांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी सांगत बसली असतील, तर लेखनात आळस आहे. सुरुवातीला एक-दीड पानाचा गोषवारा आणि नंतर सरळ प्रसंग, हे कितीतरी बरं. मग मधलं एखादं प्रकरण बघावं. पहिल्या भागात जादूला जी मर्यादा घातली होती ती अजून पाळली जाते का? दिवा एका रात्री तीनदाच पेटतो असं ठरलेलं असेल आणि अडचणीच्या वेळी चौथ्यांदा पेटत असेल, तर त्या गोष्टीत पुढे कशालाच किंमत उरत नाही. शेवटी अखेरचं प्रकरण. या भागाचा म्हणून जो प्रश्न होता त्याचं उत्तर याच भागात मिळालं पाहिजे, मोठा प्रश्न पुढे चालू राहिला तरी हरकत नाही. एकच कादंबरी मधोमध तोडून दोन किमतींना विकली असेल, तर ती घेऊ नये. मालिका हा प्रकाशकांचा धंदा आहे असा आक्षेप घेतला जातो, तो अशा पुस्तकांना अगदी लागू आहे. बाकीच्यांना नाही.

अनुवादित मालिकेत आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे दोन्ही भागांचा अनुवादक एकच आहे का. वेगळा असेल तर माणसांची, गावांची नावं दोन्हीकडे सारखीच लिहिली आहेत ना, हे पडताळावं. नाव बदललं की मुलाला वाटतं, हा कुणी नवाच माणूस आला.

खरा घोळ होतो तो खरेदी आणि मांडणीत. वर्षअखेरीला अनुदान संपवायचं म्हणून एकगठ्ठा खरेदी होते, सवलत जास्त म्हणून विक्रेत्याकडे शिल्लक असेल ते घेतलं जातं, आणि कपाटात पहिला आणि तिसरा भाग येतो, दुसरा येतच नाही. काही ठिकाणी तो आलेला असतो पण सापडत नाही, कारण पुस्तकं नावाच्या अकारविल्हे लावलेली असतात आणि दुसऱ्या भागाचं नाव वेगळ्याच अक्षरानं सुरू होतं. दाखल नोंदवहीत मालिकेसाठी रकाना नसतो. तेव्हा शेऱ्याच्या रकान्यात मालिकेचं नाव आणि भाग क्रमांक लिहावा. पुस्तकाच्या कण्यावर चिठ्ठी लावताना वर लेखकाच्या आडनावाची पहिली दोन-तीन अक्षरं, खाली मालिकेचं आद्याक्षर आणि सगळ्यात खाली ठळक आकडा असावा. एका मालिकेला एकाच रंगाची पट्टी चिकटवली की मूल लांबूनही ओळखतं. पहिल्या भागाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पुढच्या भागाचं नाव आणि कपाट क्रमांक लिहिलेली चिठ्ठी डकवावी. या सगळ्याला एका मालिकेमागे अर्धा तास पुरतो.

प्रतींचा हिशोब थोडा बारकाईनं करावा लागतो. वर्गातली दहा मुलं एका पुस्तकासाठी रांगेत असतील आणि मुदत पंधरा दिवसांची असेल, तर एका प्रतीत शेवटच्या मुलाची पाळी साडेचार महिन्यांनी येते. तोवर वार्षिक परीक्षा येऊन ठेपते. मालिकेच्या पुस्तकांना मुदत सात दिवसांची ठेवली आणि दोन प्रती घेतल्या तर हीच रांग पाच आठवड्यांत संपते. दुसऱ्या भागाची एकच प्रत घेतली, तर पहिल्या भागाला वाचवलेला वेळ तिथे वाया जातो. म्हणून दोन्ही भागांच्या सारख्याच प्रती घ्याव्यात, अडीचशे रुपयांचं पुस्तक धरलं तर दोन भागांच्या दोन-दोन प्रती हजार रुपयांत बसतात, सवलत मिळाली तर त्याहून कमीत. एक प्रत हरवली तरी दुसरी राहते. मराठीत बालपुस्तकाची आवृत्ती संपली की ती पुन्हा कधी निघेल याचा भरवसा नसतो.

आपल्या पावसाचाही विचार करायला हवा. जूनपासून ओल धरते, खानापूर-जांबोटीकडे तर कपाटाच्या पाठीला हात लावला तरी बोटं ओली होतात. नुसत्या डिंकानं चिकटवलेली बांधणी दोन पावसाळ्यांत उकलते आणि पानं सुटी पडतात. हातोहात फिरणारं पुस्तक देव-घेवीला काढण्याआधी बाइंडरकडून कण्यालगत आडवी शिलाई मारून घ्यावी. मात्र आतला समास निदान दीड सेंटिमीटर आहे का ते आधी बघावं, नाहीतर ओळींची सुरुवात शिलाईत जाते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवलं तर कसर कमी लागते.

प्रकाशकाच्या बाजूचं गणितही वाचनालयांनी समजून घ्यावं. दुसऱ्या भागाचा खप पहिल्यापेक्षा कमीच असतो, कारण पहिला वाचलेलाच तो घेतो. त्यामुळे बरेच प्रकाशक पहिल्या भागाचा अंदाज घेऊन पुढचा काढायचा की नाही ते ठरवतात, आणि मालिका पहिल्याच भागात मरते. समजा सीमाभागातल्या चाळीस वाचनालयांनी मिळून प्रत्येकी दोन प्रतींची आगाऊ मागणी कळवली, तर त्या ऐंशी प्रती होतात. पाचशेच्या आवृत्तीत हा सहावा हिस्सा झाला. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून उभं आहे. त्याच्यासारख्या जुन्या संस्थेनं पुढाकार घेऊन गावोगावच्या छोट्या वाचनालयांची एकत्र मागणी पाठवली, तर पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाला ती कानाआड करता येणार नाही.

‘जादूटोण्याच्या गोष्टींनी मुलं अंधश्रद्ध होतात’ हा आक्षेप शिक्षक मनापासून घेतात, त्याला उत्तर द्यायला हवं. अंधश्रद्धेत नियम विचारायचे नसतात. चांगल्या अद्भुत कादंबरीत नियम आधी सांगितलेला असतो आणि तो मोडला तर वाचकच तक्रार करतो. वर सांगितलेल्या गुहेतल्या वाऱ्याचं कोडं सोडवणारं मूल हवेच्या घनतेचा धडा वर्गात यायच्या आधीच त्या वाटेला लागलेलं असतं. हाच आक्षेप वाईट पुस्तकाला घ्या, मी सोबत आहे.

मुलगी नायिका असली की मुलगे वाचत नाहीत, हाही समज आहे. पुस्तक ‘मुलींसाठी’ म्हणून वेगळ्या खणात ठेवलं की मुलगे खरंच हात लावत नाहीत. तो खण आपणच केलेला असतो. ‘यातली गुहा बघ, बाहेर पडायचा रस्ता तुला सापडतो का’ एवढं म्हणून पुस्तक हातात दिलं, की नायिका मुलगी आहे हे मुलाला दहाव्या पानावर कळतं आणि तोवर त्याला सोडवत नाही.

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कारदगा अशा गावांत दर हिवाळ्यात साहित्य संमेलनं होतात. ग्रंथदिंडी निघते, गाव लोटतं, पुस्तकांचे स्टॉल लागतात. आपल्या भागाची ही फार मोठी मिळकत आहे. तिथल्या बालसत्रात कवितावाचन असतंच, त्याला जोडून एखाद्या मालिकेच्या दुसऱ्या भागावर मुलांचीच चर्चा ठेवावी. अट एकच, गोष्टीचा सारांश सांगायचा नाही, नायिकेची चूक कुठे झाली ते सांगायचं. त्यासाठी दिवाळीच्या आधीच दोन्ही भाग शाळेत पोहोचले पाहिजेत. पाहुण्यांना शाल-श्रीफळ देण्याऐवजी त्यांच्या हस्ते गावच्या शाळेला पहिल्या-दुसऱ्या भागाची जोडी द्यावी. पाहुणे खुशीनं मान्य करतील.

कर्नाटकातल्या ग्रामपंचायत ग्रंथालयांकडेही आपण दुर्लक्ष केलं आहे. १९६५ च्या ग्रंथालय कायद्यानं घरपट्टीवर सहा टक्के ग्रंथालय उपकर लागतो, आणि तो मराठी घरंही भरतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘ओदुव बेळकु’ (वाचनाचा प्रकाश) उपक्रमात सहा ते अठरा वयाच्या मुलांना तिथे फुकट सभासद होता येतं. तेव्हा आधी आपल्या मुलांना सभासद करावं, कन्नड पुस्तकं त्यांनी तिथे जरूर वाचावीत, आणि मग दहा-पंधरा बालसभासदांच्या सह्यांनी मराठी पुस्तकांची मागणी लेखी द्यावी. ‘मराठी पुस्तकं हवीत’ एवढंच मोघम लिहिलं तर जे मिळेल ते येतं. मालिकेचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, प्रत्येक भागाच्या प्रती आणि भाग क्रमांक असं सगळं कन्नड आणि मराठी दोन्हींत लिहावं, एक प्रत पंचायत विकास अधिकाऱ्यांना द्यावी आणि दुसरीवर पोच घ्यावी.